ग्राफिक्स कार्डांची चुरस आणि सॉल्ट लेकचा धडा

कोलकात्याच्या चांदनी बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि देशातल्या जवळजवळ प्रत्येक अभियांत्रिकी वसतिगृहात एक वाद गेली वीस-बावीस वर्षे अखंड चालू आहे. हिरवे कार्ड घ्यावे की लाल? हिरवा रंग एनव्हिडियाचा, लाल एएमडीचा. दर नव्या कार्डाबरोबर वाद नव्याने पेटतो. सेकंदाला किती चित्रचौकटी, किती वॅट वीज, किती रुपये यांचे तक्ते पुढे केले जातात आणि अखेर ज्याच्या खिशाला जे परवडेल ते तो घेतो. मोहन बागानच्या जर्सीत हिरवा आणि ईस्ट बंगालच्या जर्सीत लाल असलेल्या शहरात या विषयावर दोन तट पडले नाहीत तरच नवल.

खेळासाठी कार्ड घेणाऱ्याच्या दृष्टीने ही चुरस हितकारकच आहे. एकाने किंमत उतरवली की दुसऱ्यालाही उतरवावी लागते. एकाने आळस केला की दुसरा पुढे निघून जातो. ग्राहक पुढच्या खेपेला निर्धास्तपणे पक्ष बदलू शकतो, कारण त्याचा खेळ दोन्ही कार्डांवर चालतो. प्रयोगशाळेत मात्र हीच चुरस वेगळे रूप घेते. तेथे पक्ष बदलण्याची मुभा प्रत्येकाला असतेच असे नाही, आणि ज्याला ती नाही त्याला या स्पर्धेचा काडीचा लाभ होत नाही. भारतीय विज्ञान आज बव्हंशी या अवस्थेत आहे. ते तसे का झाले, आणि त्यातून वाट कशी निघू शकते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कोलकात्यात आहेत.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन ‘परम रुद्र’ महासंगणक एकाच वेळी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी, दुसरा दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात आणि तिसरा कोलकात्यातील सॉल्ट लेकच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात. तिन्ही मिळून खर्च सुमारे १३० कोटी रुपये. कोलकात्याच्या यंत्राची क्षमता ८३८ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला आठशे अडतीस लाख कोटी आकडेमोडी. ज्या शोधनिबंधाने बोस यांचे नाव भौतिकशास्त्रात अजरामर झाले, त्याचे ते शताब्दी वर्ष होते. त्यांनी तो १९२४ मध्ये ढाक्यात, कागद आणि लेखणी घेऊन लिहिला होता.

या यंत्रांच्या बातम्यांत ‘स्वदेशी’ हा शब्द मुक्तहस्ते वापरला गेला. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. ‘रुद्र’ हा सर्व्हर पुण्याच्या सी-डॅकने आखलेला आहे. फलकांची रचना, जुळणी आणि यंत्रणा चालवणारी पुष्कळशी आज्ञावली येथलीच आहे. मात्र त्या फलकावर बसणारी मुख्य प्रक्रियक चिप इंटेलची असते, आणि राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांत जेथे जीपीयू आहेत तेथे ते प्रामुख्याने एनव्हिडियाचे आहेत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चिप सर्वस्वी स्वतःची अशी कोणाचीच नसते. एनव्हिडिया आणि एएमडी या दोघांनाही स्वतःचा कारखाना नाही. दोघांच्याही सर्वांत प्रगत चिपा तैवानच्या टीएसएमसीकडे तयार होतात. हिरव्यांची आणि लालांची भाकरी एकाच तव्यावर भाजली जाते. तेव्हा चिप कोणाची, या प्रश्नापेक्षा अधिक अडचणीचा प्रश्न वेगळा आहे: त्या चिपेवर चालणारी संशोधकाची आज्ञावली कोणाच्या भाषेत लिहिलेली आहे?

त्यासाठी या स्पर्धेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. एटीआय ही कंपनी १९८५ मध्ये कॅनडात, टोरांटोजवळ सुरू झाली. एनव्हिडिया १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र या दोघींपेक्षा थ्रीडीएफएक्स या तिसऱ्याच कंपनीचा दबदबा होता. तिच्या ‘व्हूडू’ कार्डांनी घरच्या संगणकावर त्रिमित खेळांचे युग आणले. थ्रीडीएफएक्सचे बळ केवळ चिपेत नव्हते. ‘ग्लाइड’ नावाची तिची स्वतःची आज्ञाप्रणाली होती, आणि ग्लाइडमध्ये लिहिलेला खेळ फक्त तिच्याच कार्डावर चालत असे. हा किल्ला कसा पडला? मायक्रोसॉफ्टची डायरेक्टथ्रीडी आणि सर्वांना खुली असलेली ओपनजीएल या सामायिक प्रणाली रुजल्या, खेळ लिहिणाऱ्यांनी त्या स्वीकारल्या, आणि कोणत्याही कंपनीचे कार्ड कोणताही खेळ चालवू लागले. या बदलाचा सर्वांत मोठा लाभ एनव्हिडियाला झाला. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची बहुतेक मालमत्ता एनव्हिडियानेच विकत घेण्याचे जाहीर केले. खासगी भाषेचा तट फोडून जी कंपनी आत शिरली, तिने सहा वर्षांनी स्वतःचा तट बांधायला घेतला. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोणी म्हणू नये.

२००६ हे वर्ष या कथेचा कणा आहे. ग्राफिक्स कार्ड मुळात एक साधे काम प्रचंड प्रमाणावर करते: पडद्यावरच्या लाखो बिंदूंपैकी प्रत्येकाचा रंग ठरवण्यासाठी तेच ते गणित एकाच वेळी मांडणे. भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की बिंदूंच्या जागी अणू ठेवले, आकाशातले तारे ठेवले किंवा द्रवातले छोटे कप्पे ठेवले, तरी कामाचा साचा तोच राहतो. परंतु त्या काळी कार्डाला चित्रकलेखेरीज दुसरी भाषा कळत नसे. प्रथिनाच्या घडीचे गणित करायचे तर ते गणित म्हणजे एक चित्र आहे असे सोंग आणून कार्डाला फसवावे लागे. आकडे ‘पोत’ म्हणून आत पाठवायचे, ‘रंग’ म्हणून उत्तर बाहेर काढायचे. हे सोंग यशस्वी करून दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक होता स्टॅनफर्डचा ‘फोल्डिंग ॲट होम’. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याची जीपीयूवरची आवृत्ती आली ती एटीआयच्या रेडिऑन कार्डासाठी. विज्ञानाच्या दारात लाल पाऊल आधी पडले, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

त्याच वर्षी एएमडीने सुमारे ५४० कोटी डॉलर मोजून एटीआय विकत घेतली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एनव्हिडियाने ‘कुडा’ जाहीर केली. कुडाने सोंगाची गरजच संपवली. सी भाषा जाणणारा विद्यार्थी चारदोन नवे शब्द शिकून कार्डाला सरळ सांगू शकत होता की हे अणू, ही बले, हे समीकरण, आता सोडव. एनव्हिडियाने आणखी एक गोष्ट केली, आणि तीच निर्णायक ठरली. कुडा केवळ प्रयोगशाळेतल्या महागड्या कार्डांपुरती ठेवली नाही. खेळासाठी घेतलेल्या साध्या जीफोर्स कार्डावरही ती चालत असे. जादवपूरच्या किंवा सांगलीच्या एखाद्या विद्यार्थ्याने रात्री खेळ खेळायला घेतलेले कार्ड सकाळी त्याची प्रयोगशाळा होऊ शकत होते. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील तिघांनी ‘ॲलेक्सनेट’ हे चेतासदृश जाल शिकवले, आणि प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत सर्वांना मागे टाकून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेला तोंड फोडले. तेही दोन जीटीएक्स ५८० या खेळाच्याच कार्डांवर.

एएमडीकडे या काळात काही नव्हते असे नाही. दुहेरी अचूकतेचे गणित करणारे जीपीयू तिने २००७ च्या अखेरीस, एनव्हिडियाच्या आधी बाजारात आणले. परंतु आज्ञाप्रणालीच्या बाबतीत तिचा एकही निश्चय टिकला नाही. आधी ‘क्लोज टु मेटल’, मग ‘स्ट्रीम’, मग सर्वांच्या संमतीने २००८ मध्ये आलेली खुली ‘ओपनसीएल’, आणि अखेर २०१६ मध्ये ‘रॉकएम’. दर काही वर्षांनी नाव बदलायचे आणि आधीच्या नावावर विसंबलेल्या संशोधकाला रस्त्यावर सोडायचे, असा हा क्रम होता. रॉकएम आली तरी बरीच वर्षे ती मोजक्याच कार्डांवर अधिकृतपणे चालत असे. रेडिऑन असलेला सामान्य विद्यार्थी ती शिकू इच्छित असला तरी त्याला सोय नव्हती. आज एनव्हिडियाच्या मक्तेदारीविषयी तक्रार करणाऱ्यांनी हे विसरू नये की ती मक्तेदारी निम्मी एनव्हिडियाच्या दूरदृष्टीने आणि निम्मी प्रतिस्पर्ध्याच्या धरसोडीने उभी राहिली आहे. एएमडीविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न एएमडीच्या हिताचा नाहीच.

प्रश्न जुना आहे, आणि कोलकात्याने तो सत्तर वर्षांपूर्वी पाहिला आहे. बारानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमधून एचईसी-२एम हा संगणक आणवला. देशात आलेला तो पहिला अंकीय संगणक. दशक सरण्यापूर्वी त्याच आवारात सोव्हिएत रशियाचा ‘उरल’ दाखल झाला. शीतयुद्धाच्या दोन बाजूंची यंत्रे एका संस्थेत नांदत होती, आणि महालनोबिसांची ती किमया अर्थातच कौतुकास्पद होती. परंतु दोघांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. एकाच्या यंत्रभाषेत मांडलेला कार्यक्रम दुसऱ्याला निरर्थक. गणित तेच, सांख्यिकी तीच, तरी सारे नव्याने लिहायचे. पुढे सांख्यिकी संस्थेने आणि जादवपूर विद्यापीठाने मिळून ‘इसिजू-१’ हा स्वतःचा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक उभा केला, तो १९६६ मध्ये कार्यान्वित झाला.

पुण्यालाही हा अनुभव आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास खळखळ केल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याचे हृदय होते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. मोठ्या कल्पकतेने घडवलेली ती चिप होती. पण पुढची पिढी रखडली, ट्रान्सप्युटरची वंशवेल खुंटली आणि सी-डॅकला पुढच्या परम यंत्रांसाठी इतरांच्या चिपांकडे वळावे लागले. यंत्र बदलणे तुलनेने सोपे असते. त्या यंत्रासाठी घडलेली माणसांची सवय आणि त्यांनी लिहिलेल्या आज्ञावली बदलणे कठीण.

आता सॉल्ट लेकमधल्याच दुसऱ्या एका पत्त्याकडे वळू. बोस केंद्रापासून फार दूर नाही अशा ठिकाणी व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर आणि साहा अणुभौतिकी संस्था शेजारी-शेजारी उभ्या आहेत. या दोन्ही संस्था आणि कोलकात्याचीच बोस इन्स्टिट्यूट, या जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील ‘ॲलिस’ या प्रयोगाच्या दीर्घकाळच्या भागीदार. शिशाची अणुकेंद्रे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवून, विश्वजन्मानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत असलेले द्रव्य पुन्हा निर्माण करायचे, असा ॲलिसचा उद्योग. त्यातील फोटॉन मोजणारा शोधक उभारण्यात सायक्लोट्रॉन केंद्राचा पुढाकार होता. म्युऑन शोधकासाठी साहा संस्थेने आखलेली ‘मानस’ ही संकेत वाचणारी चिप चंदीगडजवळच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये तयार झाली होती. ॲलिसच्या विदेवर प्रक्रिया करणाऱ्या जागतिक जाळ्यातले एक केंद्रही सॉल्ट लेकमध्ये आहे.

ॲलिसची अडचण विदेच्या पुराची आहे. एका टकरीतून हजारो कण फुटतात, प्रत्येकाचा मार्ग शेकडो ठिपक्यांवरून जुळवावा लागतो, आणि २०२२ पासून चालू झालेल्या तिसऱ्या पर्वात अशा टकरी सेकंदाला पन्नास हजारांपर्यंत जातात. शोधकातून सेकंदाला तीन टेराबाइटहून अधिक कच्ची विदा निघते. ती जशीच्या तशी साठवणे अशक्य. वाहत्या पाण्यातच निवड करावी लागते. हे मार्ग जुळवण्याचे काम ॲलिसने फार लवकर, २०१० मध्येच जीपीयूवर सोपवले. पहिल्या पर्वात त्यासाठी ६४ जीटीएक्स ४८० कार्डे होती, म्हणजे एनव्हिडियाची. दुसऱ्या पर्वात १८० फायरप्रो कार्डे आली, ती एएमडीची. तिसऱ्या पर्वासाठी २५० सर्व्हर, प्रत्येकात आठ कार्डे, म्हणजे दोन हजार एमआय-५० बसवण्यात आले, तेही एएमडीचेच.

वरच्या परिच्छेदात जगातल्या बहुसंख्य प्रयोगशाळांना न जमलेली एक गोष्ट सहज घडून गेलेली दिसते. एका प्रयोगाने कार्डाचा पक्ष बदलला आणि प्रयोग थांबला नाही. कारण ॲलिसच्या गटाने मार्ग जुळवण्याची आज्ञावली कोणत्याच कंपनीच्या भाषेत लिहिली नव्हती. गाभा सामान्य सी++ मध्ये एकदाच लिहिलेला. त्याच्या सभोवती पातळ आवरणे: एक कुडासाठी, एक एएमडीच्या ‘हिप’साठी, एक ओपनसीएलसाठी, एक साध्या प्रक्रियकासाठी. दर खरेदीच्या वेळी सर्व कंपन्यांच्या कार्डांवर आपलीच आज्ञावली चालवून बघायची, किंमत आणि वेग यांचा हिशेब मांडायचा आणि जे स्वस्त पडेल ते घ्यायचे. चांदनी बाजारातला खेळाडू जे करतो नेमके तेच. उद्या एनव्हिडिया स्वस्त पडली तर ॲलिस तिच्याकडे जाईल, त्यात निष्ठेचा प्रश्न येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. ॲलिस हा सुमारे दोन हजार माणसांचा प्रयोग. त्याला आज्ञावली लिहिणारे वाहिलेले अभियंते परवडतात. बोस केंद्रातल्या किंवा पुण्याच्या आयसरमधल्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला पाच वर्षांत प्रबंध द्यायचा असतो. कुडाची ग्रंथालये तयार आहेत, शंका विचारली तर उत्तर दहा मिनिटांत मिळते, आणि मार्गदर्शकाच्या गटात आधीच्या तिघांनी कुडातच लिहिलेले आहे. तिने तत्त्वासाठी एक वर्ष का घालवावे? तिने घालवू नये, हेच खरे उत्तर आहे. एकट्या विद्यार्थिनीच्या खांद्यावर राष्ट्रीय धोरण ठेवता येत नाही. परंतु ग्रोमॅक्स किंवा लॅम्प्स यांसारख्या रेणूंच्या गतीचे गणित करणाऱ्या प्रस्थापित आज्ञावली आज दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालतात, कारण कोणीतरी ते काम पगार घेऊन, अनेक वर्षे, निबंधाची अपेक्षा न ठेवता केले. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने आपले मोठे महासंगणक जाणूनबुजून वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतले: पर्लमटरमध्ये एनव्हिडिया, ऑरोरामध्ये इंटेल, फ्रंटियर आणि एल कॅपिटनमध्ये एएमडी. शास्त्रज्ञांच्या आज्ञावली तिन्हींवर चालाव्यात यासाठी ‘कोकोस’सारखी साधने घडवण्यावर आणि माणसे नेमण्यावर वेगळा खर्च केला. २०२२ मध्ये फ्रंटियरने एक्साफ्लॉपचा टप्पा अधिकृतपणे ओलांडला तेव्हा त्यात एनव्हिडियाचा एकही जीपीयू नव्हता, हे त्या खर्चाचे फळ.

हा सारा खटाटोप आताच निकडीचा का झाला आहे, त्याचे कारण मात्र भौतिकशास्त्राच्या बाहेर आहे. दोन्ही कंपन्यांचा खरा गिऱ्हाईक आता बदलला आहे. आधी खेळाडू होता, मधली काही वर्षे शास्त्रज्ञाला थोडाफार मान होता, आता आहे कृत्रिम बुद्धिमत्ता. आणि या गिऱ्हाइकाला अचूकता नको आहे.

संगणक एखादी संख्या ६४ बिटांत ठेवतो तेव्हा तिचे सुमारे पंधरा-सोळा अंक विश्वासार्ह असतात. ३२ बिटांत सुमारे सात. १६ बिटांत जेमतेम तीन. चेतासदृश जालांना तीन अंकही पुष्कळ होतात, म्हणून आजची कार्डे आठ आणि चार बिटांपर्यंत उतरली आहेत. पदार्थविज्ञानात तसे चालत नाही. शहाजीराजांनी नावेत हत्ती चढवून, पाण्याची रेघ आखून, मग दगड भरून त्याचे वजन केल्याची गोष्ट मराठी मुले शाळेत ऐकतात. त्याच पद्धतीने माहुताच्या फेट्याचे वजन करायचे ठरवले तर काय होईल? फेट्यासह हत्ती, फेट्याविना हत्ती, आणि दोन रेघांतला फरक. रेघ आखणारा खडू जाड असेल तर फेटा त्या जाडीतच हरवेल. एखाद्या स्फटिकात अणूंची कोणती रचना स्थिर आहे हे ठरवताना संगणकीय भौतिकशास्त्रज्ञ नेमके हेच करतो: दोन प्रचंड ऊर्जांची वजाबाकी, आणि उत्तर त्यांच्या मानाने क्षुल्लक. ६४ बिटांची दुहेरी अचूकता ही त्याची बारीक टोकाची लेखणी आहे.

ती लेखणी आता बोथट होत चालली आहे. एनव्हिडियाच्या २०२० च्या ए-१०० कार्डाची दुहेरी अचूकतेतील साधी क्षमता ९.७ टेराफ्लॉप होती, २०२२ च्या एच-१०० ची ३४. त्यानंतरची बी-३०० ही चिप कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात तिच्या पूर्वजांच्या कितीतरी पुढे आहे, पण दुहेरी अचूकतेत ती दीड टेराफ्लॉपच्याही खाली आली. चिपेवरची जागा मर्यादित असते. चार बिटांचे गणित करणारे एकक वाढवायचे तर कोणाला तरी उठवावे लागते, आणि उठवले गेले ते शास्त्रज्ञाला. एएमडीने ही जागा अधिक राखली आहे. तिच्या २०२३ च्या एमआय-३००एक्सची दुहेरी अचूकता सुमारे ८२ टेराफ्लॉप आहे. तरी तीही त्याच गिऱ्हाइकामागे धावते आहे आणि पुढच्या पिढीत मॅट्रिक्स गणितातली तिची दुहेरी अचूकता निम्म्यावर आली. कमी बिटांच्या एककांवर संख्यांचे तुकडे करून दुहेरी अचूकतेचे अनुकरण करण्याची, जपानी गणितज्ञ ओझाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती आता एनव्हिडिया पुढे करते. मॅट्रिक्सच्या गुणाकारात ती खरोखर चांगली चालते. ज्या गणितात मोठे गुणाकारच नाहीत, तेथे तिचा उपयोग मर्यादित आहे.

म्हणजे एखाद्या पिढीत अचूकता एकाकडे असेल, पुढच्या पिढीत दुसऱ्याकडे, आणि कदाचित त्यानंतर तिसऱ्याच कोणाकडे. कुडात बांधलेली आज्ञावली असलेल्या गटाला या हालचालींकडे केवळ पाहत बसावे लागेल.

त्यात राजकारणाची भर आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत जीपीयूंच्या निर्यातीवर देशानुसार पायऱ्या लावणारा नियम आणला. त्यात भारत वरच्या पायरीवर नव्हता. मे महिन्यात तो नियम मागे घेण्यात आला. क्रे प्रकरण ठाऊक असलेल्या पिढीला यात नवे काही वाटले नसेल. दरम्यान, मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १०,३७२ कोटींच्या ‘इंडियाएआय’ मोहिमेखाली संशोधकांना आणि नवउद्योगांना जीपीयू सवलतीने भाड्याने मिळू लागले. पहिल्या यादीतल्या १८,६९३ पैकी १२,८९६ एकट्या एच-१०० या प्रकारचे होते. यादीत एएमडी आणि इंटेल यांनाही जागा होती, ही त्यातली स्वागतार्ह बाब. २०२५ संपण्याआधीच एकूण संख्या ३८,००० च्या वर गेली. आकडे भव्य आहेत. पण ज्याची आज्ञावली एका कंपनीच्या भाषेत आहे, त्याच्या दृष्टीने यादीतले दुसऱ्या कंपनीचे जीपीयू नसल्यातच जमा.

यावर उपाय म्हणून स्वदेशी जीपीयूचे नाव घेतले जाते. तो प्रयत्न अवश्य व्हावा. परंतु ती चिप दहा वर्षांनी तयार झाली आणि तोवर देशातल्या सर्व संशोधन-आज्ञावली कुडात असल्या, तर तिच्यावर चालवायचे काय? कुडाच्या परवान्यात, तिच्या साधनांतून निघालेली फळे उलगडून दुसऱ्यांच्या यंत्रावर चालवण्यास मज्जाव करणारे कलम आहेच. स्वदेशी चिपेची पूर्वतयारी आज्ञावलीपासून सुरू होते, आणि ती आज, कोणतीही चिप हाती नसताना सुरू करता येते.

ती करायची तर फार मोठ्या घोषणा लागत नाहीत. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या पैशातून जी आज्ञावली लिहिली जाईल ती किमान दोन कंपन्यांच्या कार्डांवर चालली पाहिजे, ही अट अनुदानाच्या पत्रात एका ओळीत मावते. दोन कार्डांवर चालवून बघायला दुसरे कार्ड हवे. म्हणून मिशनच्या प्रत्येक मोठ्या केंद्रात चार-दोन सर्व्हर तरी मुख्य यंत्राहून वेगळ्या कंपनीचे असावेत. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. महासंगणक प्रशिक्षणाच्या वर्गांत पहिल्याच दिवशी कुडा शिकवण्याऐवजी सी++ मधील सर्वसामान्य समांतर रचना, ओपनएमपी किंवा कोकोस शिकवावे. कुडा तिसऱ्या दिवशी शिकवली तरी विद्यार्थ्याचे काही बिघडत नाही.

आणि माणसे. विज्ञान समजणारा, आज्ञावली उत्तम लिहिणारा, पण निबंध कमी लिहिणारा माणूस भारतीय संशोधन संस्थांच्या पदरचनेत कोठेच बसत नाही. त्याला शास्त्रज्ञ म्हणावे तर निबंध नाहीत, तंत्रज्ञ म्हणावे तर पगार नाही. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर तो राहतो आणि मग बंगळूरुच्या एखाद्या कंपनीत जातो, बहुधा हिरव्या किंवा लाल रंगाच्याच. बोस केंद्राच्या यंत्रासारखी यंत्रे साधारण पाच-सहा वर्षांत जुनी होतात. त्यावर लिहिलेली आज्ञावली वीस वर्षे टिकू शकते, जर ती सांभाळायला कोणी असेल तर. जीएमआरटीच्या तीस अँटेनांतून येणारे संकेत आज जीपीयूवरच जुळवले जातात, आणि खोडदच्या त्या यंत्रणेची देखभाल करणारे अभियंते नव्या पिढीचे कार्ड आले की काय काय मोडते हे कोणत्याही धोरणपत्रापेक्षा अधिक नेमकेपणाने सांगू शकतील.

परम रुद्रनंतरच्या यंत्रांच्या निविदा निघतील तेव्हा त्यांत पेटाफ्लॉपचा आकडा ठळक असेल. त्याच्या जोडीला आणखी एक रकाना असावा: देशातल्या संशोधकांनी लिहिलेल्या पाच-दहा आज्ञावली, बोलीदाराच्या यंत्रावर, न बदलता चालवून दाखवण्याचा. आज तशी यादी करायला बसले तर दोन्ही रंगांच्या कार्डांवर चालणाऱ्या पाच भारतीय आज्ञावली जमवतानाही दमछाक होईल. सॉल्ट लेकमधूनच सुरुवात केली तर ॲलिसमध्ये काम केलेली माणसे शेजारच्या इमारतीत आहेत.